आत उघडणारी खिडकी

निरोप दुपारी आला. पोलादपूरच्या एसटीचा कंडक्टर महाडच्या कोर्टात येऊन दारातूनच म्हणाला, "वसंतराव, तुमचे तात्या गेले. सकाळीच. माणसं थांबल्येत तुमच्यासाठी." मी तिथे कारकून आहे. समोरचे कागद सारले, टोपी घातली आणि त्याच्यामागून निघालो. सख्खा चुलता गेल्याचं ऐकल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात उकिरडा आला. तात्यांच्या खिडकीखालचा, माझ्या मालकीचा उकिरडा. आता भावकी जमेल, मुंबईहून पाहुणे येतील आणि तो सगळ्यांना दिसेल... पोलादपूर येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच होतं. महिना उलटून गेला, पण त्या विचाराची शिसारी अजून जात नाही.

आमची वाडी कशेडी घाटाच्या पायथ्याशी आहे. आजोबा गेल्यावर माझे वडील आबा आणि धाकटे तात्या यांच्यात घराची वाटणी झाली. आबांनी मोठी बाजू आणि मागचं परसू घेतलं. तात्या तेव्हा मुंबईत होते, इमारतींच्या खिडक्यांना काचा बसवण्याच्या कामावर. त्यांच्या वाट्याला जी खोली आली, तिच्या पुढे बुटकी पडवी, दोन्ही अंगांना भिंती आणि मागची भिंत आमच्या परसात. भर दुपारी दिवा लावावा लागे. आमच्याकडची रीत अशी, की वाटणी झाल्यावर भावाच्या परसाकडची भिंत फोडायची नाही. दार तर नाहीच, खिडकीसुद्धा नाही. आज खिडकी झाली तर उद्या दार होईल आणि परवा परसूच मागतील, अशी भीती. असे दावे मी कोर्टात रोज बघतो. सख्खे भाऊ वकिलाच्या मागे उभे राहून हातभर उजेडासाठी एकमेकांच्या आयांचा उद्धार करतात, आणि त्यांची आई एकच असते.

काकीचं कमरेखालचं अंग लुळं पडलं तेव्हा तात्या मुंबई सोडून कायमचे घरी आले. अंधारात ती दिवसरात्र पडून. एक दिवस तात्या तिच्या बाजेवर स्वतः आडवे झाले, मागच्या भिंतीकडे बघत राहिले, मग उठून कोळशाने भिंतीवर रेघ मारली. निजल्या माणसाच्या डोळ्याला घाट दिसेल अशा उंचीची ती रेघ होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत फोडायला घेतली. आबा परसातून धावत आले.

"कोणाला इचारून भिंत फोडलीस रे?"

"दादा, बाय पडून हाय. तिला उजेड नको काय?"

"उजेड पायजेल तर पडवीत नेऊन टाक तिला. माज्या परसात तुजा डोळा नको."

"माजा नाय रे दादा, तिचा हाय. आणि ती काय उठून तुजी वांगी चोरणार हाय?"

शेजारीपाजारी हसले. आबांना ते हसणं लागलं. भिंत फुटली, चौकट बसली, गज लागले, बाहेर उघडणारी लाकडी दारं लागली. आणि आठ दिवसांत आबांनी गोठ्याकडचा उकिरडा हलवून नेमका त्या खिडकीखाली आणला.

लिहितानाही नाकाला फडका लावावासा वाटतो. शेण, कुजका पेंढा, माशांचे खवले, सुकट धुतलेलं पाणी, पोरांची घाण. आमच्या घरातलं जे जे सडेल ते तिथे जायचं. खिडकी उघडली की माश्यांचा थवा आत, बंद केली की पुन्हा अंधार. भावकीतली शहाणी माणसं संध्याकाळी आमच्या परसात बसून पान खात ही गंमत बघायची. "बंद करील बघ दिवाळीपातूर," असं बोलणं चाले. मीही त्यांच्यात बसत असे. शिकलेला होतो, महाडला नोकरीला लागलो होतो. हसलो नसेन कदाचित... पण उठूनही गेलो नाही.

तात्यांनी खिडकी बंद केली नाही. ते महाडला गेले, बाजारातून काचा घेतल्या आणि एसटीत मांडीवर गोधडीत धरून घरी आणल्या. दारांच्या फळ्या काढून त्या जागी काचा घातल्या. खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून त्याची लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लगदा, केली आणि काचेच्या कडा बंद केल्या. आता उजेड आत यायचा, घाण बाहेर राहायची. आबांनी काय करावं? ते रोज सकाळी तोंड धुताना तिथे उभे राहायचे आणि तंबाखूची पिचकारी नेम धरून काचेवर मारायचे. तात्या आतून म्हणत, "दादा, नेम चांगला हाय तुजा. शिकारीला जात जा." पण काच बाहेरून पुसायची तर आमच्या परसात पाय टाकायला हवा, आणि आबांनी सांगून ठेवलं होतं की पाय टाकलास तर तोडीन. काचेवर लाल ओघळ वाळायचे. त्यावर माशा बसायच्या. काकीला घाट त्यातूनच दिसायचा.

मग एका सुट्टीत मी घरी गेलो तर तात्या चौकट उचकटून बसले होते. बिजागऱ्या काढून आतल्या बाजूला मारत होते. दारं आता आत उघडणार होती. कोकणातल्या पावसात हे वेडेपण आहे. आत उघडणाऱ्या दाराखालून पाणी घरात येतं. मी पडवीतून तसं म्हटलं. त्यांनी खिळा दातांत धरूनच उत्तर दिलं, "पाणी पुसता येतंय रे वसंता."

तेव्हापासून रोज सकाळी, आबांची पिचकारी पडली की ते कडी काढत, दार आत ओढून घेत, बाहेरची बाजू राखेने आणि ओल्या फडक्याने घासत, मग जुन्या वर्तमानपत्राने कोरडी करत. नंतर आतली बाजू. पावसाळ्याआधी लांबी नवी भरत, फुगलेल्या लाकडाला मेण चोळत, बिजागऱ्यांना खोबरेल देत. पाऊस लागला की चौकटीखाली गोणपाट अंथरत आणि ते पिळून काढत. आमच्या परसात पाय न टाकता त्यांनी आमची थुंकी वर्षानुवर्षं पुसली.

आबा वारले. पिचकारी थांबली. उकिरडा मात्र माझ्याकडे आला, आणि मी तो ठेवला. कारणं माझ्याजवळ भरपूर होती. आबांनी घातलेली जागा, शेताला खत लागतं, हलवायला माणूस मिळत नाही. एकदा मलेरियाच्या फवारणीचे लोक आले, नाक दाबून म्हणाले, "कोणाचा हो हा?" मी म्हटलं, "जुना आहे." जणू घाण जुनी झाली की ती कोणाची राहत नाही. तात्या भेटले की मीच आपण होऊन म्हणायचो, "पाऊस संपला की हलवतो हं." ते म्हणायचे, "हलव रे सवडीनं." वर्ष सरत येई तसा ढीग चौकटीच्या खालच्या कडेवर चढायचा. उन्हाळ्यात खत शेतात गेलं की काकी म्हणायची, "माजा घाट आला गो परत." हे तिच्या मुलीने, सुमनने मला आता सांगितलं. त्याआधी मी त्या खोलीत गेलोच नव्हतो.

गेलो तो तात्यांचं प्रेत उचलायला. त्यांना मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला, डोकं मीच भादरलं. जे आमच्या परसात बसून पान खात असत, तेच बाराव्याला त्या घरात जेवले, ढेकरा दिल्या आणि म्हणाले, "तात्या म्हंजे देवमाणूस." मीही त्यांच्याच पंगतीत होतो. वाढलेली खीर संपवली. घास घशाखाली उतरत होता, याचंच मला ओंगळ वाटलं. हात धुवायला उठलो आणि सहज खिडकीपाशी गेलो. काच इतकी स्वच्छ होती की आहे असं वाटू नये. तिच्यातून माझं परसू दिसलं, न्हाणीचं वाहतं गटार, घोंगावणाऱ्या माश्यांनी काळा झालेला ढीग, त्यावर आदल्या दिवशी माझ्याच घरातून पडलेली माशांची आतडी. सुतकातसुद्धा आम्ही बाराव्याच्या आदल्या दिवशी मासे खाल्ले होते! तात्यांनी रोज उभं राहून हे बघितलं असणार, इतक्याच स्वच्छ काचेतून.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेतलं. गडी लावला नाही. ढीग गोठ्यामागे नेईपर्यंत दोनदा ओकलो. खालची माती काळी-हिरवी झाली होती, तीही खरवडली. अजून ऊन तापलं की वास येतो. मग आंघोळ करून बादली आणि फडका घेतला आणि मी खिडकीच्या बाहेर, जिथे ढीग होता तिथे उभा राहिलो. एवढं तरी करावं, असं वाटलं. फडका गजांतून आत घालून काचेला लावणार, तोच आतून काकीचा आवाज आला.

"कोण हाय भायेर?"

"मी, काकी. वसंता. काच पुसतोय."

ती म्हणाली, "भायेरना नको रे. सुमन पुसंल. ती आतनंच पुसायची हाय."

आवाजात राग नव्हता. सुमनने कडी काढली. काचेचं दार माझ्यासमोरून आत गेलं. तिने राखेने बाहेरची बाजू घासली, पाण्याने पुसली, कागदाने कोरडी केली, मग आतली. मी ओला फडका हातात घेऊन गजांच्या अलीकडे उभा होतो. तिने दार लावलं, कडी घातली, आणि काकी बाजेवरून माझ्या डोक्याच्या वर, घाटाकडे बघू लागली.

मी बाजूला सरकलो.