डिझेलची माती आणि मामांचं नाक

माझ्या बायकोच्या मामांच्या नाकाइतकं तापदायक नाक अख्ख्या दौंड तालुक्यात दुसरं नसेल. मामा केडगावचे. उभं आयुष्य यवतजवळच्या एका पेट्रोलपंपावर, जमिनीखालच्या टाकीत काठी घालून डिझेल मोजण्यात गेलं. त्या नोकरीनं त्यांना दुसरं काही दिलं नाही, नाक तेवढं दिलं. कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याचा तांब्या हुंगायचे, मग चहा, मग यजमान. आमच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी मठ्ठ्याची बादली परत पाठवली. "हिच्यात आधी राकेल व्हतं," म्हणाले. आचारी अंगावर धावून आला. चौकशीअंती रॉकेल खरंच निघालं, पण मामांचं कौतुक कुणी केलं नाही. तोंडावर खरं बोलून माणसं तोडायची त्यांना खोडच होती.

पंपाची टाकी गळतेय हे त्यांनी मालकाला सांगितलं, तर मालकानं त्यांनाच घरी बसवलं. पुढे शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास मारायला लागला, तेव्हा कुठं टाकी वर काढली आणि खालची माती उपसायला जेसीबी लागला. आता आमच्याकडची रीतच अशी, की कुठंही खोदकाम निघालं की ट्रॅक्टर रांगेला हजर. तलावाचा गाळ असो की पुलाचा पाया, काळी माती दिसली की ती आपल्या रानात पडलीच पाहिजे. ही माती बंद गाडीतून लांब नेऊन टाकायची, असं कागदावर होतं म्हणे. ठेकेदाराला ती यातायात नको होती. "न्या फुकट," म्हणाला. मी शहाण्यानं सहा ट्रॉल्या भरल्या, विहिरीला लागून असलेल्या लिंबाच्या बागेसाठी.

मामा ट्रॉलीला आडवे झाले. "पाव्हणं, ही जात्याच काळी न्हाई, डिझेलनं काळी झालीया. पावसात हिरीत उतरंल." त्यावर मी चारचौघांत म्हणालो, "मामा, तुम्हाला पंपावरून काढलं, त्याचा राग माझ्या बागेवर कशाला?" लोक हसले. मामा बाजूला झाले. माझ्या तोंडात किडे पडायला हवे होते.

दोन पावसाळ्यांत बाग जळाली. विहिरीवर तेलाचा तवंग आला, म्हशीसुद्धा पाण्याला तोंड लावीनात. माती परत उकरून काढली, पण टाकायची कुठं? बांधावर ढीग पडून आहे, आणि आता फुकटही कुणी नेत नाही. बायको शेजारच्या वस्तीवरून हंड्यानं पाणी आणते आणि मला एका शब्दानं बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामा आता ऐंशीला टेकलेत. दर दिवाळीला येतात, विहिरीतून पोहरा काढायला लावतात, ओंजळ नाकाशी धरतात आणि "हाय अजून" एवढंच म्हणून घरात जातात. यंदा त्यांनी ओंजळ बराच वेळ धरून ठेवली. भाची शेजारीच डोक्यावर भरला हंडा घेऊन उभी होती, तिच्याकडे बघत राहिले.

"गेला गं वास," ते म्हणाले. "पुढल्या साली प्यायला व्हईल."

मी दहा पावलांवर उभा होतो. तिथपर्यंत मला डिझेलचा वास येत होता.