मासळीची डोकी आणि कोरडी टाकी

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं काहीतरी करायचं घाटत होतं. एका माहितीपत्रकात चौलजवळच्या कोळीवाड्यातला प्रकल्प दिसला: मासळीच्या कचऱ्यातून गॅस, उरलेल्या गाळाचं खत. शनिवारी पहाटे पुण्याहून ताम्हिणीमार्गे गाडी काढली. जाणार असाल तर माणगावला पोटभर खाऊन घ्या. रोह्यापुढे रस्ता अरुंद आहे, पण साळावच्या पुलावरून खाडी दिसली की शीण जातो.

प्रकल्पाला कुलूप. फोन केल्यावर तासाभराने व्यवस्थापक आले. टाकी ठणठणीत कोरडी होती. एवढ्या टाकीला गावच्या मासळीचा कचरा पुरत नाही, असं त्यांनीच सहज सांगितलं. मग बांधली कशाला, असं विचारलं तर त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिलं, 'टाकी रिकामी आहे.' त्यांनी वही मिटून घेतली.

बाहेर हिराबाई नावाच्या कोळीण आजी सुकट वाळवत होत्या. वर्षानुवर्षं त्या माशांची डोकी, आतडी पालापाचोळ्यासोबत खड्ड्यात कुजवायच्या. ते खत चौलच्या नारायणकाकांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत जायचं. काका बदल्यात झावळ्या द्यायचे, त्या झावळ्यांनी सुकटीची खोपी शाकारली जायची. मग प्रकल्प आला आणि ग्रामपंचायतीत ठराव झाला: सगळा कचरा टाकीतच टाकायचा. खड्डा बुजवला. आता टाकी बंद आणि कचरा खाडीत.

"आमाला कुनी इचारलंच न्हाय," हिराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त संताप आला. शाश्वत विकासावरची भाषणं मीही टाळ्या वाजवून ऐकली आहेत.

त्या दिवशीची डोकी दोन टपांत भरून माझ्या गाडीतून चौलला नेली. हिराबाई शेजारी बसल्या होत्या. नारायणकाकांनी काही न विचारता कुदळ घेतली आणि सुपारीच्या बुंध्याशी खणायला लागले. आम्ही तिघांनी टप रिकामे केले. निघताना काकांनी गाडीवर झावळ्या बांधून दिल्या.

घरी येऊन तीन आठवडे झाले. सोसायटीसाठी मोठ्या टाकीचा विचार सोडला, मागच्या अंगणात खड्डा केला. राग मात्र तसाच आहे. काल हिराबाईंचा फोन आला. त्यांनी खड्डा पुन्हा उघडला आणि ग्रामपंचायतीची नोटीस आली: प्रकल्पात अडथळा आणल्याबद्दल. त्यांच्या नातीने ती मला फोनवरच वाचून दाखवली. खाली सही करून चूक कबूल करायची होती.

सही करू नका, मी म्हटलं.

"करनार नव्हतेच," त्या म्हणाल्या. "तुला निस्ती ऐकवली."