हँडलची उजवी बाजू

हवा भरून झाली की मोतीरामभाऊ व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहायचे. बुडबुडा आला नाही तरी आणखी थोडा वेळ पाहायचे.

चाकाची तार नखाने वाजवून ऐकायचे. सैल असली तर आवाजावरून कळायचं.

पेपर कालचा वाचायचे. "आजचा आज वाचून काय कराचं? उद्या त्यातलं अर्धं खोटं निघते," म्हणायचे.

एका सायकलला दुसरी सायकल टेकवू द्यायचे नाहीत.

चहाची बशी डाव्या हातात धरायचे, कारण उजव्याला ग्रीस असायचं. ग्रीस नसलं तरी डाव्याच हातात.

आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे हात पाहायचे. चेहरा शेवटी. त्यामुळे माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, हात राहत.

ही वाक्यं भूतकाळात लिहायची मला अजून सवय झालेली नाही. त्यांना जाऊन आज अकरा दिवस झाले.

अमरावतीत आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. चार पत्रे, एक बाकडं आणि एक बाभळीचा ठोकळा. मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. दोन तासांच्या मधल्या वेळात स्टाफरूममध्ये मला हक्काची खुर्ची नाही, म्हणून मी त्यांच्या बाकड्यावर बसायचो. ते एकसष्ट वर्षांचे, मी सत्तावीसचा. मला 'अश्विनबाबू' म्हणायचे. मी एम.ए. आहे हे कळल्यावर पहिल्यांदा माझे हात पाहून म्हणाले होते, "पुस्तकाचे हात होय. घट्टे नाई."

तरुणपणी ते अकोल्याला एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. वाफेचे पाइप वाकवायचं काम. फॅक्टरी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे दोन मुलं, बायको दुर्गाबाई आणि पाइप वाकवायचं कसब एवढंच होतं. अमरावतीत येऊन त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलं. पंक्चरवर घर चाललं. पण मन लागलं ते आरामाच्या सायकलीत.

आरामाची सायकल हे नाव त्यांचंच. परतवाड्याच्या भंगारवाल्याकडून जुनी, दणकट, काळी फ्रेम आणायची. तिला मोठी चाकं, स्प्रिंगची चामडी सीट, पूर्ण झाकलेली चेन. आणि हँडल असं, की मुठी मागे आपल्याकडे वळलेल्या. बसणाऱ्याला पुढे वाकावं लागत नाही. पाठ सरळ, खांदे सैल, नजर रस्त्यावर. दोन महिन्यांत एखादी तयार व्हायची. एका निवृत्त तलाठ्याकडे आहे. एका पोस्टमन बाईंकडे आहे. समोरचा चहावाला कुलदीप म्हणायचा, "भाऊ, या सायकलवर मानूस झोपून जाईन." भाऊ म्हणायचे, "झोपू दे ना. पडला नाई पाह्यजे."

हँडल ते विकत घेत नसत, करत. नदीची बारीक वाळू तव्यावर भाजून कोरडी करायची. ओल राहिली तर तापल्यावर पाइप फुटतो. ती वाळू पाइपमध्ये ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारायचं, मग पाइप लाल होईपर्यंत तापवून बाभळीच्या ठोकळ्याभोवती हळूहळू ओढायचा. वाळूमुळे तो चेपत नाही. एका दिवशी एकच बाजू. दुसरी दुसऱ्या दिवशी. मग निकेल चढवायला अकोल्याला.

पण त्याआधी माप. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि म्हणायचे, "समजा कोणी जेवाचं ताट देऊन राह्यलं. घ्या." माणूस हात पुढे करायचा. त्या हातांत ते पाइपचे दोन तुकडे अलगद सरकवायचे आणि पुठ्ठ्यावर खडूने रेघा ओढायचे. कोणाचाही हात दुसऱ्यासारखा पुढे येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्यांना आईसाठी सायकल करायला सांगितली. आईची शाळा साडेतीन किलोमीटरवर. ऑटो वेळेवर मिळत नाही, ती पायी जाते. लहानपणी गावी तिने मामाची सायकल चालवली होती.

"घेऊन या त्याहिले," भाऊ म्हणाले.

आणि मी म्हणालो, "आईचा गुडघा दुखतो. माझेच हात घ्या. आम्हा दोघांचे हात सारखे आहेत."

आता जे लिहायचं आहे ते इथे लिहितो.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर मी सांगतो, "आई शाळेत आहे." तेवढ्यावर थांबतो. पुढचा प्रश्न येऊ नये अशा आवाजात थांबतो. मोतीरामभाऊंनाही तेच सांगितलं होतं. आई त्या स्टुलावर बसली असती तर समोर फाटक. येणारे-जाणारे प्राध्यापक, माझे विद्यार्थी. आणि आई कोणाशीही बोलते. तिच्या शाळेत, वस्तीत, दवाखान्याच्या रांगेत ती लोकांना सांगते, "माहा पोरगा प्रोफेसर हाय." ती माझ्याबद्दल जितकं सांगते तितकं मी तिच्याबद्दल लपवतो.

भाऊंनी माझं माप घेतलं. "म्याडम कसं धरतात? काही त्रास हाताचा?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसारखंच," मी म्हणालो.

पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं: म्याडम.

सायकल सुंदर झाली. गडद हिरवी, निकेलची मूठ, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. पुढे त्यांनी न सांगता वेताची टोपली लावली होती. म्हणाले, "वह्या तपासाले घरी आणत असतीन."

आईने सायकल पाहून सीटवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून नेऊ लागली. मी विचारलं, कशी आहे. म्हणाली, चांगली हाय.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती हसतच घरात आली.

"तुह्या त्या मोतीरामभाऊनं मले धरलं आज."

शेगाव नाक्याजवळ ती सायकल हातात धरून पायी चालत होती. समोरून भाऊ आले. लांबूनच त्यांनी आपली सायकल ओळखली.

"मले म्हणे, बाई, थांबा. हे सायकल म्याडमची होय. तुमी कोण? म्या म्हटलं, कोणती म्याडम? म्हणे, अश्विनबाबूची आई. म्या म्हटलं, मंग मीच थे म्याडम." आई पदराने डोळे पुसत हसत होती. "टोपलीत पाहून म्हणे, वह्या कुठी हायेत? म्या म्हटलं, वह्या नाई बाप्पा, झारा हाय. खिचडीचा."

मी विचारलं, "पण तू पायी का जात होतीस?"

ती हसायची थांबली. "मनगट दुखते रे जरासं. जाताना बसून जाणं होते. येताना धरवत नाई."

तिचं उजवं मनगट. मी शाळेत असताना ती विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती. हाड वाकडं बसलं. तेव्हापासून तिचा उजवा तळवा पुरता खाली वळत नाही. ती डाव्या हाताने चहा गाळते. भाकरी थापताना अंग उजवीकडे झुकवते. हे मी रोज पाहतो. माप देताना मला त्यातलं काहीही आठवलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू आणली होय," ती म्हणाली. "नावं काहून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. भाऊ चाक सरळ करत होते. कुलदीप चहा घेऊन आला होता, आणि माझ्या वर्गातली हर्षा चेन बसवून घ्यायला थांबली होती.

"अश्विनबाबू, माप माहंच चुकलं," भाऊ चाकाकडे पाहत म्हणाले. "इतक्या वर्षांत हात पाह्यल्याबिगर हँडल केलं नाई. या बारीले केलं."

त्यांनी माझ्यासाठी जागा करून दिली होती. मी फक्त खरं बोलायचं होतं. हर्षा ऐकत होती.

"आईचा गुडघा दुखत होता ना, म्हणून," मी म्हणालो.

भाऊंनी चाक थांबवलं. माझ्या हातांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"हो ना," ते म्हणाले. "गुडघा."

कुलदीप म्हणाला, "म्याडमच्या गुडघ्याले तेल चोळा म्हणा, सर." मी चहा प्यायलो.

त्या शनिवारी भाऊ स्टूल आणि पुठ्ठा घेऊन आईच्या शाळेत गेले. हे मला आईकडून कळलं. स्वयंपाकाच्या शेडमध्ये बसले, पोरांच्या पंगतीत खिचडी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाले. मग आईला म्हणाले, "ताई, मले ताट द्या." इतरांना ते ताट घ्यायला सांगायचे. आईला द्यायला सांगितलं. तिने दिलं. पुन्हा द्यायला सांगितलं. चार-पाच वेळा. मग तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून हळूच फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या नाई कराच्या. हात सारखे नाईत तं हँडल कायले सारखं?"

असं हँडल त्यांनी आजवर केलं नव्हतं. डावी मूठ नेहमीसारखी, उजवी जवळजवळ सरळ मागे, अंगठा वर राहील अशी. किती मागे, किती खाली, हे ते अजून ठरवत होते. सोमवारी मी गेलो तेव्हा वाळू भाजून झाली होती. मंगळवारी डावी बाजू झाली. मी बाकड्यावर बसून पाहत होतो. पाइप लाल झाला. त्यांनी तो ठोकळ्याभोवती ओढला. लाकूड जळल्याचा वास आला. मला बोलायचं होतं. तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती, ती मी घड्याळात पाहून घालवली.

निघताना ते म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊन येतो. तलाठीसायबाचं मडगार्ड द्याचं हाय. परवा उजवी बाजू. ताईले एकडाव आणखी पाहा लागते, मंग करतो."

"मी आणतो आईला," मी म्हणालो. "इथेच आणतो."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही.

बुधवारी अकोल्याला, निकेलवाल्याच्या दुकानात, ते पाणी मागून बाकावर बसले आणि बसल्या जागीच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मला दुपारी कुलदीपने सांगितलं. मी वर्गात परत गेलो आणि उरलेला तास पूर्ण शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही.

काल आईला घेऊन दुकानात गेलो. दुर्गाबाई सामान आवरायला येणार होत्या. सकाळचे अकरा, कॉलेज सुरू व्हायची वेळ. शनिवारची सकाळची शाळा, म्हणून आई कामावरूनच आली होती. पदराला हळदीचे डाग होते. हर्षा फाटकाकडे निघाली होती. थांबली.

"माझी आई," मी म्हणालो. "शाळेत खिचडी करते."

"नमस्कार काकू," हर्षा म्हणाली. घड्याळ पाहिलं आणि वर्गाकडे गेली.

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी ते सगळं केलं होतं.

दुर्गाबाईंनी आतून हँडल आणून आईच्या मांडीवर ठेवलं. "परवा करतो, परवा करतो म्हणत होते," त्या म्हणाल्या. "तुमचे हात लय पाह्यले म्हणे त्याहिनं. घरी आले तं मले ताट द्याले लावलं, तुमच्यासारखं."

डावी बाजू आईने धरली. बरोबर बसली. उजवीकडे नुसता सरळ पाइप होता. ती त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली. आत वाळू तशीच होती, टोकाला बूच. वाक कुठून सुरू करायचा तिथे खडूची एक खूण होती.

राजापेठेतल्या एका मिस्त्रीला मी हँडल दाखवलं. तो म्हणाला, "डावीसारखी उजवी करून देतो, अर्ध्या तासात." मी नको म्हणालो. डावीसारखी उजवी करता येणार नाही हे त्याला समजावून सांगता आलं नाही.

पुठ्ठा माझ्याकडे आहे. वर 'चतुराबाई' लिहिलं आहे. मी त्यांना आईचं नाव कधी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताची रेघ एकाच झटक्यात ओढलेली. उजव्या हाताच्या रेघा तीन आहेत, तिन्ही वेगवेगळ्या कोनांत, दोन पुसट केलेल्या, तिसरीवरही बोट फिरवलेलं. तिच्या खाली त्यांनी लिहून ठेवलं आहे: पुन्हा पाहणे.