रिकामा फिरवू नका

नव्या मायक्रोवेव्ह ओव्हनसोबत भाजायची लोखंडी जाळी आली होती. जाळी चालते, तर स्टीलच्या पेल्यानं काय घोडं मारलंय, असा विचार करून मी त्यात दूध तापवायला ठेवलं आणि आत फटाके फुटायला लागले.

दूध संघाच्या केंद्रावरचे कारकून आमच्या ओसरीवर बसले होते. त्यांनी धावत येऊन बटण बंद केलं. "दार उघडू नका सायेब! जाळी निस्ती भाजताना. मायक्रोवेव्ह लावला की धातू चालत न्हाई." ओव्हनचं माहितीपुस्तक मी उघडलंही नव्हतं; त्यांनी ते दोनदा वाचलं होतं. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, केंद्राला कुलूप लागलं, तेव्हापासून त्यांना वेळच वेळ.

आता ते रोज सकाळी केंद्राच्या वेळेला येतात, इस्त्रीच्या सदऱ्यात. "ओव्हन बरा हाय ना?" मग काचेच्या पेल्यात स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओततात, आमच्या टँकरच्या पाण्याला हात लावत नाहीत. "रिकामा फिरवू नका बरं. आतून जळतो."

पिवळ्या उजेडात पेला संथ फिरत राहतो. ते पापणी हलवत नाहीत. बघता बघता मलाही गुंगी येते, दूर कुठंतरी दुधाच्या कॅनची झाकणं वाजल्यासारखी वाटतात.

"लई दूध यायचं बगा," ते पुटपुटतात. पाणी निवलं की बाटलीत भरून घेतात आणि निघतात.

"ओव्हन तर ठणठणीत आहे, मग हे रोज काय तपासतात?" मी बायकोला विचारलं.

"अहो, सकाळी माणसाला कुठंतरी जायला नको का?" ती म्हणाली. "तुम्ही आपलं अधूनमधून काहीतरी बिघडवत चला. तेवढं तुम्हाला जमतं."