भंगार सर आणि कांद्याची चाळ

भंगार सरांनी कोणत्याही वस्तूला वा माणसाला चांगले म्हटलेले मी कधी ऐकले नाही. नवा लॅपटॉप असो, नवा उड्डाणपूल असो की कुणाचा नवा जावई, एक नजर टाकली की निकाल ठरलेला : "भंगार." द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या संगणक-वर्गात मी टायपिंग शिकवीत असे. मलाही ते तेच म्हणत, तेही तोंडावर. तरी मी रोज त्यांचा चहा प्यायलो आणि त्यांच्या शेऱ्यांवर हसलो. हिणवणाऱ्याच्या शेजारी उभे राहिले की आपण आपोआप शहाण्यांत मोडतो, एवढाच तो हलका लोभ.

अशा माणसाने स्वतः काय उभारले, तर खरोखरचे भंगार. संगणकावर आभासी चलन कमावण्याच्या नादात हात पोळलेल्या पोरांनी विकायला काढलेली सहा जुनी ग्राफिक्स कार्डे त्यांनी द्राक्षांच्या प्लास्टिक क्रेटवर तारेने बांधली आणि एकाच संगणकाला जोडली. औषधांच्या संशोधनातले अवाढव्य गणित तुकडे करून जगभरच्या लोकांच्या संगणकांवर वाटणारा एक उपक्रम होता. त्यातले तुकडे हे यंत्र सोडवी. ज्याने जास्त सोडवले, त्याचे नाव यादीत वर. औषध कोणत्या रोगावरचे, असे मी एकदा विचारले.

"भंगार प्रश्न विचारू नका, मास्तर. आपला नंबर बघा."

हात मात्र विलक्षण. कार्ड कानाशी धरून त्याचा पंखा आणखी किती टिकेल हे ते सांगत आणि ते चुकत नसे. त्या क्षणी चेहरा इतका निर्मळ होई की मला त्यांचा राग धरता येत नसे.

यंत्राने घर तापू लागले, तेव्हा सरांच्या बायकोने ते दाराबाहेर काढले. सरांनी ते निफाडकडे थोरल्या भावाच्या मळ्यात, कांदा साठवायच्या चाळीत नेऊन ठेवले. चाळीच्या भिंती फटींच्या, वारा आरपार, गारवा फुकट. यंत्र ठेवले त्याच टोकाला वहिनींनी बियाण्यासाठी निवडलेले कांदे होते. सासूच्या हातून आलेले घरचे वाण. दरवर्षी एकेक कांदा पारखायचा, थंडीत लावायचा आणि त्याच्या फुलांतून पुढचे बी धरायचे.

पावसाची झड आत येऊ लागली, तशी सर मला घेऊन मळ्यात गेले आणि त्यांनी त्या बाजूला ताडपत्री ठोकली.

"भावजी, ती काढा," वहिनी म्हणाल्या. "चाळीला वारा लागतो. कांदा उबून जाईल."

"वहिनी, हवा कशी खेळवायची ते मला शिकवता?"

"राहू दे गं," थोरले भाऊ म्हणाले. "लय शिकेल हाय तो. त्याच्यापुढं कांद्याचं काय चालतंय?"

मी सवयीने हसलो.

पुढे काही आठवड्यांनी यंत्र बंद पडले म्हणून आम्ही दोघे पुन्हा गेलो. वास फाटकापासूनच येत होता. वहिनी काळे पाणी सुटलेल्या ढिगासमोर बसून एकेक कांदा दाबून पाहत होत्या. सरांनी आधी यंत्र उघडले. पंख्यांत कांद्याची टरफले गच्च बसली होती.

"भंगार चाळ. कार्डं गेली माझी."

वहिनींनी मान वर केली नाही. "कार्डं दुसरी मिळतील, भावजी. हे वाण मी कुठून आणू?"

"बियाण्याचं पाकीट मिळतं की बाजारात."

"मिळतं. ते आमचं नसतं."

सर क्रेट उचलून गाडीकडे निघाले. चालता चालता एका कार्डावरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली. ताडपत्री तशीच होती. मी ती उतरवली आणि वहिनींच्या समोर बसलो.

"चांगला कसा ओळखायचा?"

"मानेशी दाबा. बोट रुतलं का टाकून द्या."

"मास्तर, चला!" बाहेरून हाक आली. मग हॉर्न वाजला, बराच वेळ वाजत राहिला. मी उठलो नाही. त्यांच्या वर्गात त्यानंतर मी पाऊल टाकले नाही.

हातातल्या कांद्याची मान दाबली. बोट रुतले. तो बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.