मे आय गुरुजींचं स्टेशन

मे आय गुरुजींचं डोकं कधीच दुखत नसे, पण माझ्या दुकानात येऊन ते रोज सकाळी डोकेदुखीचं औषध मागायचे. चौसाळ्यात हायवेलगत माझं मेडिकल आहे. शटर अर्धं वर ढकललं की बाहेरून आवाज यायचा, "गुड मॉर्निंग, मिस्टर केमिस्ट! मे आय हॅव समथिंग फॉर माय हेडेक?" मग मी "सिन्स व्हेन?" विचारायचं, त्यांनी "सिन्स यस्टरडे इव्हनिंग" म्हणायचं, आणि मी "नथिंग टू वरी, टेक रेस्ट" असं सांगून संवाद संपवायचा. ते ज्यावरून इंग्रजी बोलायला शिकत होते त्या पुस्तकातला 'औषधाच्या दुकानात' हा धडा असाच होता. तो पुरा झाल्याशिवाय गुरुजी काउंटरवरचा हात काढायचे नाहीत. मागे तापलेलं लेकरू घेऊन एखादी बाई ताटकळत असली तरी नाही.

चौथीत मी त्यांच्या हाताखाली शिकलेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं, निम्म्या गावाच्या ऱ्हस्व-दीर्घावर त्यांच्या छडीचे उपकार आहेत. अशा माणसाला "गुरुजी, आता पुरे, धंद्याची वेळ आहे" असं कोण म्हणणार? मी दात ओठ खायचो आणि "सिन्स व्हेन?" म्हणायचो.

प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मे आय' लावायचे म्हणून गावाने त्यांचं ते नाव पाडलं. परवानगी मागायचे, पण मिळायची वाट कधी बघितली नाही. "मे आय सिट?" म्हणेपर्यंत बसलेले असायचे. "मे आय रीड युवर पेपर?" म्हणताना पेपर त्यांच्या हातात आलेला असायचा. बाजारात एकदा त्यांनी भाजीवालीला विचारलं, "मे आय नो द रेट ऑफ धिस ब्रिंजल?" त्या बाईने हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "वांगे हायेत गुरुजी. घ्यायचे तर घ्या, न्हाई तर फुडं व्हा, गिऱ्हाइकं खोळंबलेत." गुरुजी खूश झाले. मला येऊन सांगितलं, "प्रश्न तिला कळला बघ! उत्तर तेवढं मराठीत आलं."

हे खूळ साठीनंतर डोक्यात कुठून शिरलं, हे मी एकदा वैतागून विचारलं होतं. तेव्हा पहिल्यांदा ते धड मराठीत बोलले. "पुण्याला पोरानं मोठ्या दवाखान्यात नेलं व्हतं. शुगरसाठी. डॉक्टर इकडं, पोरगा तिकडं, मधी मी. दोघं इंग्लिशमधी बोलत व्हते. माझ्याच शरीराची गोष्ट, अन् माझ्याच डोक्यावरून चाललेली. चाळीस वर्षं बोलून पोट भरलं रे मी, अन् तिथं मुक्यावानी बसलो. मधीच डॉक्टर माझ्या पायाकडं बघून कायतरी बोलला. पोराला इचारलं तर म्हणतो, काही न्हाई बाबा. आता पुढच्या टायमाला माझं मी इचारणार हाय." दुसऱ्या दिवसापासून मी "सिन्स व्हेन?" थोडं बऱ्या तोंडाने म्हणायला लागलो. आठवडाभरच. नंतर पुन्हा चिडचिड सुरू झाली.

चिडचिडीचं दुसरं कारण माझ्या दुकानासमोरच होतं. समोरच्या हॉटेलात सकाळी गरम जिलेबी निघायची. गुरुजींची शुगर एवढी की डॉक्टरने चहासुद्धा बिनसाखरेचा सांगितलेला. पण पुस्तकात 'उपाहारगृहात' असाही एक धडा होता, आणि गुरुजींच्या मते तो रिकाम्या प्लेटवर करणं म्हणजे निव्वळ पोपटपंची. एक दिवस गुरुजींच्या घरून काकू, त्यांची बायको, दुकानात आल्या. त्या कधी फारसं बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी चांगल्याच तापल्या होत्या. "सचिन, यांच्यावर नजर ठेव बाबा. घरी मी साखरेचा डबा लपवून ठेवते, अन् ह्ये इंग्लिशच्या नावाखाली बाहेर गोड खातेत. पायाला मुंग्या येतेत म्हणतेत रोज. काहून ऐकंनात, देवच जाणे." मी शब्द दिला. काकूंना शब्द द्यायला काय जातं?

तिसऱ्या दिवशीच गुरुजी सापडले. बोटं पाकाने चिकट, मिशीला जिलेबीचा तुकडा. मी हॉटेलात जाऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. गुरुजी जराही न डगमगता म्हणाले, "धिस इज माय टेम्प-स्टेशन."

"टेम्प्टेशन, गुरुजी. टेम्प्टेशन म्हणजे मोह. त्यात स्टेशन नाही."

"कसं न्हाई? टेम्प म्हंजे टेम्पररी. मोह म्हंजे तात्पुरतं स्टेशन. गाडी दोन मिनिटं थांबती, माणूस खाली उतरून काहीबाही खातो, शिट्टी झाली की पुन्हा डब्यात. कायमचा कुणी उतरतो का तिथं?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "गुरुजी, बीडला रेल्वे येणार, येणार म्हणता पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तुमचं हे स्टेशन मात्र रोज साडेनऊला बरोबर येतं!" हॉटेलातले सगळे हसले. गुरुजी सगळ्यांत जोरात हसले, आणि त्या हसण्यात उरलेली जिलेबी संपवली. असा माणूस. ज्याने गावाला व्युत्पत्ती शिकवली, त्याला आता शब्दकोश दाखवला तर म्हणे, "छपाईची चूक हाय."

हात धुऊन ते माझ्यामागे दुकानात आले. पुस्तकात 'मोहाविषयी चर्चा' असा धडा निघाला होता, तो त्यांना तिथल्या तिथे करायचा होता. "व्हॉट इज युवर टेम्प-स्टेशन, मिस्टर केमिस्ट?"

"आय हॅव नन," मी गोळ्यांची पाकिटं लावत म्हणालो.

"यू हॅव," गुरुजी म्हणाले. "टू फिनिश मी क्विकली." मग मराठीत म्हणाले, "मी आलो की मला कवा एकदा वाटंला लावीन असं तुला होतंय. ह्यो तुझा मोह." मी हसण्यावारी नेलं. खरं तर बोललेलं वर्मी लागलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका सकाळी दुकानात नुसती झुंबड उडाली होती. मालाची खोकी दारात पडलेली, सहा-सात गिऱ्हाइकं समोर, आणि त्यांच्या डोक्यांवरून आवाज आला, "गुड मॉर्निंग, मिस्टर केमिस्ट! मे आय शो यू माय टो? देअर इज अ वूंड. बट नो पेन."

हेडेकच्या जागी टो आला होता, एवढंच माझ्या लक्षात आलं. मनात म्हटलं, झालं, आता धड्यांत अवयव बदलायला लागले. मी मान वर न करता म्हणालो, "नथिंग टू वरी. टेक रेस्ट."

गुरुजी हलले नाहीत. "आर यू शुअर?"

हे वाक्य पुस्तकात नव्हतं. रोज तो धडा म्हणणाऱ्या मला ते कळायला हवं होतं. शुगरच्या माणसाच्या पायाला जखम आहे आणि दुखत नाही, याचा अर्थ औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला सांगावा लागत नाही. पण मला त्यांना वाटेला लावायचं होतं. "यस, यस, शुअर," मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली. गुरुजी थँक यू म्हणून गेले.

बारा दिवसांनी काकू धावत आल्या. "यांच्या पायाचा वास येतोय रे, सचिन. खोलीत थांबवत न्हाई." मी दुकान तसंच टाकून गेलो. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा वर चढत होता. मिळाली त्या गाडीने त्यांना बीडच्या दवाखान्यात नेलं. पुण्याहून पोरगा आला.

पाय वाचणार नाही हे डॉक्टर पोराला सांगत होते, इंग्रजीत, गुरुजींच्या खाटेशी उभं राहून. मी दाराजवळ होतो. मध्येच गुरुजींनी हात वर केला. "मे आय आस्क, डॉक्टर? हाऊ मच विल यू कट?"

डॉक्टर थांबले. मग स्टूल ओढून गुरुजींच्या समोर बसले आणि पोराशी बोलायचं सोडून त्यांच्याशी बोलू लागले. गुडघ्याखालून. परवा सकाळी. गुरुजींनी नीट ऐकलं, "विल आय वॉक?" विचारलं, नकली पायाबद्दल विचारलं. पोरगा भिंतीकडे तोंड करून रडत होता. डॉक्टर गेल्यावर गुरुजींनी मला जवळ बोलावलं. तोंडावर काय आनंद! "सगळं कळलं बघ. एक शब्द अडला न्हाई." पाय कापायची बातमी ऐकून परीक्षा पास झाल्यासारखा हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं मला.

ऑपरेशननंतर पोरगा आई-बापाला पुण्याला घेऊन निघाला. घराला कुलूप लागलं, काकू गाडीत बसल्या, गुरुजींना आम्ही दोघांनी उचलून आत ठेवलं. महिनाभर जे विचारायचं राहिलं होतं ते मी तेव्हा विचारलं. "गुरुजी, त्या दिवशी जखमेचं तुम्ही मराठीत का नाही बोललात?"

"मराठीत बोललो असतो तर तू आधी जिलेबीचं इचारलं असतंस," गुरुजी म्हणाले. "लाज वाटत व्हती रे. इंग्लिशमधी लाज जरा कमी वाटती."

"मला वाटलं धडा चालू आहे. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. चुकलो मी, गुरुजी."

त्यांनी खिडकीतून हात काढून माझा हात धरला, चौथीतल्या पोराचा धरावा तसा. "चुकला कसा? बरोबर उत्तर दिलंस तू. पुस्तकात तेच हाय."

पोराने गाडी सुरू केली. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली म्हणून ज्यांनी माझ्या हातावर वळ उठवले होते, त्यांनी माझ्या सगळ्यांत मोठ्या चुकीला हसत बरोबरची खूण करून टाकली. मला त्यांचा इतका संताप आला की निरोपाचा हातसुद्धा माझ्याने हलवला गेला नाही.