तीस दिवसांचं घर

एका सज्जन मास्तरांचा वरचा मजला मी ओल्या दुलईने वाकवला, तिथून काठीमामांची आणि माझी ओळख.

झालं असं, की मी त्या गावात नुकताच भाड्याने राहायला आलो होतो. मागच्या रिकाम्या जागेत चार उंच काठ्या रोवलेल्या दिसल्या, प्रत्येकीच्या टोकाला नारिंगी फडकं. मला वाटलं, घरमालक मोठा विचारी माणूस, भाडेकरूच्या वाळवणाची सोय करून ठेवलीय. मी दोन काठ्यांमध्ये दोरी ताणली आणि धुतलेली दुलई तिच्यावर टाकली. दुलई साधीसुधी नव्हे. कोरडी असली तरी दोघांनी उचलायची. दुपारपर्यंत एक काठी कंबरेत वाकली.

संध्याकाळी फाटकाशी एक उंच, लांबुडका माणूस उभा. खिशात पेन्सिल, हातात ओळंबा, सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपलेल्या.

"ही दुलई कोणाची?"

"माझी."

"काढा. आणि मजला सरळ करायला हात लावा."

"कोणाचा मजला?"

"मास्तरांचा. एकोणीस दिवस झाले होते. आता पुन्हा एकपासून."

मग ओळंबा धरता धरता त्यांनी मला सगळं समजावलं. तिथल्या सात खोऱ्यांसाठी एक विभागीय मंडळ नेमलेलं आहे. डोंगर, कुरणं, नदीचे काठ, जुने दगडी बांध, एवढंच कशाला, छपरांचा रंगसुद्धा मंडळाच्या नजरेखाली. बांध ढासळला तर मंडळ गवंडी पाठवतं, कुरणात काटेरी झुडुपं माजली तर कापून देतं. आणि घर बांधू नको असं मंडळ कुणालाच म्हणत नाही. फक्त आधी दाखव म्हणतं. होणारं घर जेवढं उंच, तेवढ्या उंच काठ्या त्याच्या चार कोपऱ्यांवर रोवायच्या आणि तीस दिवस ठेवायच्या. ज्याच्या डोळ्यांत खुपेल त्याने हरकत लिहून द्यावी. शेवटी नदीच्या पुलावर मधोमध उभं राहून बघायचं. काठीचं टोक डोंगरमाथ्याच्या रेषेखाली राहिलं तर ठीक. वर आकाशात घुसलं, तर घर तेवढं खाली आणायचं.

मंडळातर्फे काठ्या रोवायचं काम खरं म्हणजे दोघांचं. त्यातले एक हे काठीमामा. दुसऱ्या माणसाची जागा नऊ वर्षं रिकामी होती. मंडळाच्या कचेरीत, म्हणजे जिना चढून दोन खोल्या, एक अधिकारी बाईंची आणि एक नकाशांची, त्या दुसऱ्या माणसाची खुर्चीही होती. तिच्यावर नारिंगी फडक्यांचं गाठोडं बसलेलं असे.

"गाठोडं तुमच्यापेक्षा बरं," मामा म्हणाले. "काठीवर दुलई तरी घालत नाही."

तरी प्रायश्चित्त म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला ते मला नेऊ लागले. मलाही तसं दुसरं काय काम होतं.

मामांना सगळं गाव ओळखायचं आणि घरी कुणीच बोलवायचं नाही. त्याला कारण होतं. मामा कुणाच्या घरात शिरले की चपला काढायच्या आधी वर बघत. इतक्या वर्षांची खोड, मनात काही नसे. पण यजमान बिचारा हातातला चहा तसाच ठेवून स्वतःच्या छपराकडे संशयाने बघू लागे. शिंपी तर अकरा वर्षं मामांशी बोलत नव्हता. दोघे तिसरीपासूनचे मित्र. शिंप्याला दुकानावर मजला चढवायचा होता. मामांनी काठ्या लावल्या, पुलावरून बघितलं आणि लिहिलं, 'वीतभर वर'. मजला गेला, मैत्री गेली, आणि गावात दुसरा शिंपी नसल्याने मामांच्या अंगावर तयार सदरे आले. अशा उंच माणसाला तयार बाही कुठली पुरते?

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. सात रेघा, प्रत्येकीपुढे तारीख.

"नात," मामा म्हणाले.

"इथे असते?"

"नाही हो. शहरात. दर वाढदिवसाला मुलाला फोन करतो, उंची विचारतो, इथे मारतो. ही खालून दुसरी तेवढी खरी. तेव्हा आली होती." मग सगळ्यांत वरच्या रेघेवर बोट ठेवून, "मुलगा अंदाजे सांगतो की मोजून, देव जाणे."

मामी गेल्याला सहा वर्षं झाली होती.

म्हणून मुलाचा अर्ज आला त्या दिवशी मामा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. टेकडीच्या खांद्यावर त्यांची जागा होती. तिथे दुमजली घर. खाली मामा, वर मुलगा, सून आणि नात. कायमचे. बाईंनी अर्ज वाचून कपाळाला हात लावला.

"मामा, स्वतःच्याच घराच्या काठ्या तुम्ही कशा लावणार?"

"मग कोण लावणार? गाठोडं?"

शेवटी साक्षीदार म्हणून मी सही करायची असं ठरलं.

पहिला खड्डा खणताना मी आजूबाजूला बघून हळूच म्हणालो, "मामा, खड्डा जरा खोल घेतला तर?"

मामांनी पहार थांबवली. "किती?"

मला वाटलं, विरघळले. "दोनेक फूट. कुणाला कळतंय."

"आणि घर झाल्यावर? सुनेने वर रांगत फिरायचं?"

खड्डा नेहमीएवढाच झाला.

काठ्या उभ्या राहिल्या आणि मामांच्या चालीत फरक पडला. वाऱ्याने काही हललं नाही ना, हे रोज एकदा बघायचं, एवढंच काम. पण त्या जागेवर ते तासतासभर रेंगाळू लागले. एकदा मी त्यांना शोधत गेलो आणि दोन काठ्यांमधून सरळ आत शिरलो.

"भिंतीतून कुठे शिरता?" मामा म्हणाले. "दार तिकडे आहे."

मी मुकाट्याने मागे फिरलो आणि दारातून आलो. मामांनी मला घर दाखवलं. इथे ओटा. इथे सुनेचं कपाट, तिच्याकडे कपडे फार. जिन्याखाली त्यांची स्वतःची खाट, म्हणजे वर नात धावली की कळेल. "झोप मोडेल की," मी म्हणालो. मामा हवेतल्या जिन्याकडे बघत म्हणाले, "मोडू दे ना."

दिवस जात होते आणि एकही हरकत येत नव्हती. पुलावरून टोकं माथ्याच्या वर निघालेली दिसत नव्हती असं नाही. सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ दिसत होती. पण गावाने जणू ठरवूनच टाकलं होतं. दूधवाला पूल ओलांडताना नदीत मासे बघायचा. मास्तर, ज्यांचा मजला मी वाकवला होता, ते वर्तमानपत्र उघडून चालायचे आणि एकदा त्यामुळे सायकलवर आपटले. आयुष्यभर ज्याला टाळलं त्याच्यासाठी लोक मान खाली घालत होते.

एकोणतिसाव्या दिवशी आम्ही पुलावर उभे होतो, आणि समोरून शिंपी आला. शिंप्याने कठड्यावर कोपरं टेकली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मान वर करून टेकडीकडे नीट बघितलं.

"माझी वीतभर होती," तो म्हणाला.

"हो," मामा म्हणाले.

"ही?"

"दीड फूट."

"हं." शिंप्याने मामांच्या बाहीकडे बघितलं. "मी काही हरकत लिहून देणार नाही. आमची सगळ्यांची उंची मोजलीस, आता घरची तूच लिही." एवढं बोलून तो गेला. तो माफ करून गेला की सूड घेऊन गेला, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसाव्या दिवशी मामा पुलावर तीनदा गेले. सकाळी, दुपारी, उन्हं कलताना. मग कचेरीत येऊन, खुर्चीवरचं गाठोडं उचलून खाली ठेवून, तिथे बसून त्यांनी अहवाल लिहिला. हरकती: नाहीत. रेषा ओलांडते का: होय, दीड फूट. मी खाली साक्षीदाराची सही केली. अक्षर माझंच वाटेना.

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. "मामा, पुन्हा एकदा बघून येता का?"

"तीनदा बघून आलोय."

"मग असं करा. दीड फूट कापला तर वर उभं राहता यायचं नाही, तेव्हा वरचा मजला सोडा आणि मागे दोन खोल्या वाढवा. जागा आहे तुमची. आठवड्यात मंजूर करून देते."

मामांचा चेहरा उजळला. तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. ते फोन कानापासून हातभर लांब धरतात, त्यामुळे मंडळाच्या दोन्ही खोल्यांना ऐकू येतं. त्यांनी मागच्या दोन खोल्या सांगितल्या, नातीची खिडकी कुठल्या बाजूला निघेल तेही सांगितलं.

"नाही हो बाबा," पलीकडून आवाज आला. "एका मजल्यात नाही जमायचं. मंडळच नाही म्हणतंय तर आपण तरी काय करणार? आम्ही मग इथेच घेतो. बघून ठेवलंय एक."

"बघून ठेवलंय?"

"हो, म्हणजे, दोन महिने झाले. सहज."

मुलगा दुःखी वाटतोय का, हे मी कान टवकारून ऐकत होतो. पण खरं सांगायचं तर त्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. बाईंनी उगाच नकाशा उलगडला. मामा म्हणाले, "बरं. तिची उंची किती झाली?" पलीकडून आकडा आला. मामांनी पेन्सिल काढून तो हाताच्या तळव्यावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही काठ्या काढायला गेलो. तणावे सोडले, फडकी उतरवली, एकेक काठी आडवी केली. चौथी खाली आली आणि घर संपलं. नुसतं गवत, आणि चार खड्डे. मामा खड्डे बुजवून पायाने माती दाबू लागले. एरवी हे काम ते झटक्यात करतात. त्या दिवशी ते एकाच जागी कितीतरी वेळ पाय आपटत राहिले.

मला ते बघवेना. गप्प बसायचं सोडून मी तोंड उघडलं.

"मामा, तो माथा तरी बघा. पुलावरून जाणारी पोरंबाळं पन्नास वर्षांनीही तो असाच बघतील, सबंध, कुठे न कापलेला. तुम्ही राखलात तो. आयुष्याच्या शेवटी माणसाला आणखी काय हवं असतं?"

मामांनी दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि डोंगराकडे न बघताच म्हणाले,

"डोंगर काय, जेवलास का म्हणून विचारतो?"